गिटारमधून बासरी, पेटी, सतार: हेक्स पिकअप बसवण्यापासून मंचापर्यंत, क्रमाने

गिटारला हेक्स पिकअप (प्रत्येक तारेचा आवाज वेगळा उचलणारा पिकअप) लावून त्यातून बासरी किंवा पेटी काढू पाहणाऱ्यांच्या दोन तक्रारी मी सतत ऐकतो: "सूर मध्येच तुटतो" आणि "सूर उशिरा येतो". गिटार हातात घेऊन पाहिली की कारण बहुतेक वेळा एकच निघतं. मशीन, म्हणजे गिटार सिंथ, चालू करून थेट आवाज निवडायला सुरुवात झालेली असते आणि पिकअपची उंची, तारांची जागा, मीटर यांना कुणी हातही लावलेला नसतो. मग बिचाऱ्या मशीनला नावं ठेवली जातात.

उदाहरणासाठी स्ट्रॅट धाटणीची साधी इलेक्ट्रिक गिटार, रोलँडचा जीके-३ पिकअप आणि १३ पिनांची केबल घेणारं जीआर-५५ सारखं मशीन धरलं आहे. बॉसचं एसवाय-१००० असेल तरी पहिले सहा टप्पे जवळपास तसेच लागू होतात.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा

साध्या पिकअपमधून सहाही तारांचा आवाज एकत्र होऊन बाहेर पडतो. हेक्स पिकअप प्रत्येक तारेचा आवाज वेगळा पाठवतो. तो मशीनमध्ये गेल्यावर पुढे दोन वाटा असतात.

पहिली वाट मॉडेलिंगची. यात तुमच्या तारेचाच कंप घेऊन त्यावर दुसऱ्या वाद्याच्या लाकडाचा, घोडीचा, पिकअपचा संस्कार केला जातो. अकूस्टिक गिटार, बारा-तारी, बँजो, इलेक्ट्रिक सतार हे आवाज या वाटेने येतात. उशीर जाणवत नाही, कारण मशीनला सूर ओळखायची गरजच नसते.

दुसरी वाट सूर ओळखण्याची. तार छेडली की मशीन आधी ती कोणत्या सुरात आहे ते मोजतं आणि मग साठवलेला बासरीचा किंवा पियानोचा आवाज त्या सुरात वाजवतं. मोजायला तारेचं निदान एक आवर्तन तरी पूर्ण व्हावं लागतं. मोकळी सहावी तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा हलते, म्हणजे एका आवर्तनालाच १२ मिलिसेकंद गेले. मोकळ्या पहिल्या तारेला फक्त ३ लागतात. जाड तारांवर सूर उशिरा येतो तो यामुळे. कितीही महागडं मशीन आणलं तरी तार सावकाश हलते हे बदलत नाही, पण यावर एक चांगला उपाय आहे, तो सातव्या टप्प्यात सांगतो.

टप्पा १: गिटार आधी गिटार म्हणून नीट करा

१. नव्या तारा चढवा, सगळ्या एकाच संचातल्या. जुन्या, घामाने गंजलेल्या तारेतून मूळ सुराबरोबर वेडेवाकडे उपसूर निघतात आणि मशीन त्यांनाच सूर समजतं. मी ०.०१० चा संच (पहिली तार ०.०१० इंच जाड) वापरतो. त्याहून बारीक तार जोरात छेडली की क्षणभर चढी बोलते. तारा पोलादी किंवा निकेलच्याच हव्यात. हा पिकअप चुंबकीय असल्यामुळे नायलॉनची तार त्याला ऐकूच येत नाही.

२. मान तपासा. सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी किती फट उरते ते पाहा. बारीकशी फट हवी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात मान हलते, म्हणून जून-जुलैत ही तपासणी पुन्हा करा. मान हलली की पुढच्या टप्प्यातलं पिकअपचं अंतरही बदलतं.

३. कोणत्याही फ्रेटवर तार झरझरत नाही ना ते ऐका. कानाला चालून जाणारी झरझर मशीनला चालत नाही.

४. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) जुळतात का ते ट्यूनरवर पाहा, नसतील तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागेपुढे करून जुळवा. हे काम पिकअप बसवण्याआधीच उरका, कारण नंतर सॅडल हलवलं तर चौथ्या टप्प्यातली मापं पुन्हा घ्यावी लागतील.

*तपासणी:* प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, सावकाश आणि मशीन न लावता वाजवा. जिथे सूर पटकन मरतो त्या जागा लिहून ठेवा. तिथे बासरीही मरणार आहे.

टप्पा २: पिकअप बसवणे

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, तेव्हा घाई करू नका. तासभर गेला तर जाऊ द्या.

१. जागा: ब्रिज आणि ब्रिजजवळचा पिकअप यांच्यामध्ये, शक्य तितकं ब्रिजच्या जवळ. पिकअपच्या मध्यापासून सॅडलपर्यंत २० मिलिमीटरच्या आत. लेस पॉल धाटणीच्या काही गिटारांत इथे जागा फार अरुंद असते, म्हणून पिकअप विकत घेण्याआधीच पट्टीने मोजून पाहा.

२. प्रत्येक तार तिच्या वाट्याच्या खुणेच्या बरोबर मध्यावरून गेली पाहिजे. मागे एका मुलाने गिटार आणली होती. पाच तारा उत्तम आणि पहिल्या तारेवर बासरी तुटायची. त्याने मशीनमधली प्रत्येक सेटिंग बदलून पाहिली होती. खिडकीपाशी नेऊन वरून सरळ पाहिलं तर पहिली तार तिच्या खुणेच्या जवळजवळ दोन मिलिमीटर बाहेरून जात होती. पिकअप तेवढा सरकवला आणि बासरी अखंड वाजायला लागली.

३. उंची: तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरल्यावर तार आणि पिकअप यांत १ मिलिमीटर अंतर हवं. मापायला एटीएम कार्ड घ्या. त्याचा सपाट भाग साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतो. एक कार्ड सहज आत-बाहेर व्हावं, दोन एकत्र जाऊ नयेत. पहिल्या आणि सहाव्या, दोन्ही तारांखाली मापा. पिकअप एका बाजूला कलला असेल तर खाली पातळ चकती घालून समतल करा.

४. आधी दुतर्फी चिकटपट्टीवर तात्पुरता बसवा आणि चार-आठ दिवस वाजवून मगच स्क्रू मारा. लाकडात एकदा भोक पडलं की परत बुजत नाही. गिटारचं पॉलिश जुनं किंवा नाजूक असेल तर खाली आधी रंगकामाची कागदी पट्टी लावून तिच्यावर चिकटवा.

*सावधान:* अंतर एक मिलिमीटरपेक्षा कमी केलं तर आवाज वाढेल असं वाटतं आणि वाढतोही. पण जोरात छेडल्यावर तार पिकअपला आपटते आणि त्या खट्‌ आवाजातून मशीन भलताच सूर काढतं.

टप्पा ३: जोडणी

मशीन बंद असतानाच केबल लावा. १३ पिनांच्या या केबलमधून सहा तारांचे सहा आवाज, साध्या पिकअपचा एक, व्हॉल्यूमचा, दोन बटणांचे आणि पिकअपला लागणारी वीज असं सगळं जातं. चालू मशीनमध्ये ती खुपसणं दोन्ही टोकांना धोक्याचं आहे.

जीके-३ सोबतची आखूड केबल गिटारच्या नेहमीच्या जॅकमध्ये घालायला विसरू नका. ती राहिली तर गिटारचा स्वतःचा आवाज मशीनपर्यंत पोहोचतच नाही.

*आवाजच येत नसेल तर:* जीके-३ वरचा तीन जागांचा खटका 'गिटार' कडे आहे का ते पाहा. तिथे असेल तर सिंथचा आवाज बंदच राहतो. तो मध्ये किंवा सिंथकडे करा. मग त्यावरचं व्हॉल्यूमचं बटण शून्यावर नाही ना ते बघा. दुरुस्तीला न्यायच्या आधी या दोन गोष्टी नक्की तपासा.

आणखी एक गोष्ट. २०२३ मध्ये बॉसने जीके-५ आणला. त्याची जोडणी डिजिटल आहे आणि केबल वेगळी. १३ पिनांच्या जुन्या मशीनला तो थेट लागत नाही, मध्ये परिवर्तक पेटी लागते. जुनं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून घेताना पिकअप कोणत्या पिढीचा आहे ते आधी विचारा.

टप्पा ४: मशीनला तुमची गिटार सांगा

१. पिकअपचा प्रकार निवडा. ब्रिजमध्ये पिएझो (चुंबकाशिवाय तारेचा कंप उचलणारा पिकअप) बसवलेली गिटार असेल तर यादीतला तो प्रकार.

२. तारेची लांबी भरा. स्ट्रॅट धाटणीला ६४८ मिलिमीटर, लेस पॉल धाटणीला ६२८.

३. प्रत्येक सॅडलपासून पिकअपच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये भरा. सहा तारांची सहा वेगळी मापं, कारण सॅडल एका रेषेत नसतात. हा कंटाळा लोक हमखास करतात. तारेच्या नेमक्या कोणत्या जागेवरून आपण ऐकतो आहोत हे मॉडेलिंगला ठाऊक असावं लागतं. माप चुकलं की अकूस्टिक गिटारचा आवाज पातळ आणि नाकातला येतो, आणि लोक तासन्‌तास इक्वलायझर फिरवत बसतात.

४. दिशा तपासा. फक्त सहावी तार छेडा. पहिल्या तारेचा मीटर हलला तर पिकअपची दिशा उलटी नोंदली गेली आहे.

टप्पा ५: मीटर

प्रत्येक तारेची संवेदनशीलता वेगळी लावायची असते. कार्यक्रमात जितक्या जोरात छेडता तितक्याच जोरात एकेक तार वाजवा. घरी बसून हळुवार वाजवत मीटर लावले आणि मंचावर जोश चढला की सगळं ओसंडतं. सगळ्यात जोरकस ठोक्याला मीटर शेवटच्या रेघेच्या किंचित अलीकडे थांबला पाहिजे.

नंतर सहाही तारा सारख्या जोराने, एकामागून एक वाजवा आणि डोळे मिटून ऐका. एखादी तार पुढे येत असेल तर तिचा आकडा खाली आणा. सहसा सर्वांत पुढे येणारी तार पकडून बाकीच्या तिच्या पातळीला चढवायचा मोह होतो. तसं करू नका, ज्या तारा वर आहेत त्या खाली आणा.

*तपासणी:* फक्त चौथी तार छेडा आणि शेजारच्या दोन तारांचे मीटर पाहा. तेही ठळक हलत असतील तर पिकअप सरकलेला आहे. दुसऱ्या टप्प्यावर परत जा.

टप्पा ६: सूर मिळवणे, दोन्हीकडचा

गिटार मिळवली म्हणजे झालं असं वाटतं, पण मशीनलाही स्वतःचा आधारसूर असतो, बहुतेक वेळा ४४० हर्ट्‌झचा. आपल्याकडे मंचावर खरी पेटी असते आणि ती बरोबर ४४० वर असेलच असं नाही. पेटी मंचावर बदलता येत नाही, म्हणून आपण गिटार तिच्याशी मिळवतो. गिटार जुळते. मॉडेलिंगचे आवाजही जुळतात, कारण ते तुमच्या तारेवरच चालतात. पण पियानोचा आवाज क्रोमॅटिक पद्धतीवर ठेवला असेल तर मशीन तुमचा सूर जवळच्या स्वरावर ओढून नेतं, आणि तो स्वर ४४० च्या हिशोबाचा असतो. गिटार पेटीशी सुरात आणि पियानो बेसूर, असा चमत्कार घडतो. गायकाच्या चेहऱ्यावर तो लगेच दिसतो.

उपाय सोपा आहे. पेटीचा 'ए' ट्यूनरवर पाहा, मशीनचा आधारसूर त्याच आकड्यावर आणा, मग गिटार मिळवा. याच क्रमाने.

तुमच्याकडे व्हेरिअ‍ॅक्स असेल तर

लाइन सिक्सच्या व्हेरिअ‍ॅक्स गिटारांत हे सगळं आतच असतं. प्रत्येक सॅडलमध्ये पिएझो आणि मॉडेलिंगही गिटारच्या पोटात. त्यामुळे दुसरा ते पाचवा टप्पा तुम्हाला लागत नाही, पहिला मात्र पूर्ण लागतो. बँजो आणि इलेक्ट्रिक सतार 'रेसो' खाली सापडतील. बासरी किंवा पियानो तिथे नाही, कारण तिथे फक्त मॉडेलिंगची वाट आहे.

तिची डिजिटल केबल संगणकाच्या नेटवर्क केबलसारखी दिसते. ती संगणकाच्या किंवा राउटरच्या नेटवर्क जॅकमध्ये घालू नका.

ट्यूनिंगचं बटण फिरवून पट्टी बदलता येते, पण खऱ्या तारा आपल्या जागीच असतात. घरी बारीक आवाजात वाजवलं की स्पीकरमधली एक पट्टी आणि लाकडातून येणारी दुसरी, दोन्ही कानावर पडतात. सराव हेडफोन लावून करा.

टप्पा ७: एकेक वाद्य बांधा

आता कुठे आवाज निवडायचा. एका दिवशी एकच. आणि आवाज निवडला म्हणजे वाद्य आलं असं नाही, तुमच्या हातालाही ते वाद्य व्हावं लागतं.

*बासरी.* मैफलीतली लांब ई बासरी घ्या. तिचा मध्य षड्‌ज म्हणजे तुमची मोकळी पहिली तार. सगळी भोकं बंद केल्यावर येणारा मंद्र पंचम म्हणजे तुमची मोकळी दुसरी तार. म्हणजे दुसऱ्या तारेच्या खाली गेलात की त्या बासरीत नसलेला सूर तुम्ही वाजवताय, आणि श्रोत्याला कारण कळलं नाही तरी खोटेपणा कळतो. पहिल्या दोन तारांवरच राहा. सोयीचं म्हणजे याच तारा मशीन सर्वांत लवकर ओळखतं. एका वेळी एकच सूर ठेवा. पहिला सूर छेडा आणि पुढचे दोन-तीन डाव्या हाताच्या बोटांनीच काढा. बासरीवाला प्रत्येक सुराला नवी फुंकर मारत नाही. ओळीच्या शेवटी खरोखर श्वास घ्या, तेवढा वेळ तार बंद ठेवा. एक्स्प्रेशन पेडलवर व्हॉल्यूम लावून सुराची सुरुवात किंचित खालून उचला. पिकचा खट्‌ त्यात झाकला जातो.

मागच्या तारा आपोआप गुंजून भुताटकीचे सूर निघत असतील तर उजव्या हाताचा तळवा जाड तारांवर टेकवून ठेवा. तिथली संवेदनशीलता अजिबात कमी करू नका, उद्या त्याच तारा लागणार आहेत.

*पेटी.* पेटीला मींड नाही, म्हणून क्रोमॅटिक चालू. तार ताणायची नाही, कंपनही द्यायचं नाही. भात्याचा श्वास पेडलने द्या, सुराच्या मध्यावर थोडा फुगवटा आणि पुढे ओसरता. दोन सुरांच्या मध्ये फट पडू देऊ नका, आधीचं बोट पुढचं टेकल्यावरच उचला.

*पियानो.* सहा तारांवरून पिक ओढलात की पियानो हार्पसारखा ऐकू येतो. पिक बाजूला ठेवा आणि अंगठा आणि तीन बोटांनी तीन-चार तारा एकदम चिमटीत छेडा. बॅरे कॉर्डचे सहाच्या सहा सूर नकोत. क्रोमॅटिक इथेही चालू.

*बेस आणि चेलो.* उशिराचा उपाय हाच. आवाज मशीनमध्ये एक सप्तक खाली आणा आणि तुम्ही एक सप्तक वर वाजवा. सहाव्या तारेच्या बाराव्या फ्रेटवर एका आवर्तनाला १२ ऐवजी ६ मिलिसेकंद लागतात. फरक पहिल्याच ठेक्याला हाताला जाणवतो.

*सतार.* ही मॉडेलिंगने घ्या, ओळखीच्या वाटेने नको. सतारीचा झंकार तिच्या रुंद, सपाट घोडीतून येतो. मिरजेचे कारागीर ती जवारी घासून-घासून कानाने जुळवतात. गिटारचं सॅडल म्हणजे निव्वळ एक टोक, तेव्हा तो झंकार मशीनच देणार. तुमचं काम मींड. सतारीवर एकाच पडद्यावर तार खेचून चार-पाच सूर काढता येतात, गिटारवर एवढी तार ओढली जात नाही. मोठी मींड दोन तुकड्यांत घ्या: थोडी ताणून, उरलेली बोट सरकवून. मशीनमधल्या ट्यूनिंगने पाचवी-सहावी तार सा-पा वर आणून ठेवलीत तर मधूनच अंगठ्याने छेडायला आस मिळते. मात्र राग वाजवणार असाल तर सा कुठे धरलाय ते आधी लिहून ठेवा, नाहीतर सा हरवतो.

*तपासणी:* प्रत्येक आवाज सेव्ह करण्याआधी तो आणि गिटारचा साधा आवाज आलटून पालटून लावा. पातळी सारखी ऐकू आली पाहिजे. जिथे बासरी दुप्पट मोठी, तिथे साउंडवाला तुम्हाला पूर्ण कार्यक्रमभर खाली दाबून ठेवणार.

टप्पा ८: मंचावर

बासरी-पियानो गिटारच्या अ‍ॅम्पमधून देऊ नका. गिटार अ‍ॅम्पचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वरचं फारसं बोलत नाही आणि बासरीची फुंकर नेमकी तिथेच असते. मशीनमधून डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज मिक्सरला जुळेल असा करून देणारी छोटी पेटी), तिथून थेट मिक्सरला. दोन वाहिन्या मिळाल्या तर उत्तम, एकच असेल तर मशीनचा मोनो जॅक वापरा. डाव्या-उजव्या दोन्हींपैकी एक निव्वळ उपटून मोकळं होऊ नका, काही आवाजांचा अर्धा भाग त्यात निघून जातो.

१३ पिनांची केबल पट्ट्यामधून एक वळसा देऊन मग खाली सोडा. ओढ बसली की आधी तिचा सॉकेट सैल होतो. सोबत एक जादा केबल ठेवा, ही गल्लीतल्या दुकानात मिळत नाही.

दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात. मध्यंतरात ट्यूनर लावा आणि पाचव्या टप्प्यातला मीटर प्रत्येक तारेवर एकदाच, जोरात छेडून पाहून घ्या. बासरीचं पद कार्यक्रमात पहिलंच ठेवू नका. दोन साधी गाणी गिटारवर वाजवून हात मोकळा झाला, मॉनिटरचा अंदाज आला, की मग खटका सिंथकडे करा.